झाकण उघडायचं नाही

कंग्राळी,
१९ जानेवारी २०२५

चि. नीलम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, असं वाटतं. तरी लिहितो. दिवाळीत मी तुला जयाबाईंशी लग्न करणार म्हणून सांगितलं, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. आता तर घंटीही वाजत नाही. आदर्शरावांना विचारलं तर ते म्हणाले, "आप्पा, बायकोनं तुमचा नंबर बंद करून ठेवलाय, मी काय करू." जावई म्हणून त्यांनी खरं सांगितलं, त्यांच्यावर रागावू नकोस. टपालवाल्याला मात्र कुणीच बंद करू शकत नाही.

त्या विषयावर या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. शेगडीबद्दल लिहितो.

सौरव बेंगळूरला नोकरीला जायच्या आधी कॅम्पातल्या एका बदली झालेल्या लष्करी साहेबाकडून गोल शेगडी घेऊन आला होता, आठवते का? तीन पायांवर काळा हंडा, वर तसलंच घुमटासारखं झाकण, हवेला खाली एक झरोका, वर एक, आणि झाकणावर उष्णता दाखवणारा काटा. तुझ्या भावानं तिच्यात दोनदा कोंबडी भाजली. दोन्ही वेळा वरून कोळसा आणि आतून कच्ची. मग ती गोठ्यात गेली. म्हशी विकल्यापासून गोठ्यात दुसरं काही नाहीच. संक्रांतीला झाडलोट करताना मी ती बाहेर काढली, चिंच लावून घासली आणि अंगणात मांडली.

पहिल्या दिवशी मी सौरवसारखंच केलं. हंडाभर कोळसा ओतला, सगळा एकदम पेटवला. काटा असा वर गेला की मला घाटात गाडी तापल्यासारखं वाटलं. शेजारचा भावकू कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "गोपाळअण्णा, ही शेगडी न्हाय, भट्टी हाय. हिच्यात मडकी भाजा."

मग आम्ही फोनवर व्हिडिओ लावला. आम्ही म्हणजे मीच, पण जयाबाई हिंडलग्याहून सहज आल्या होत्या. व्हिडिओ इंग्रजीत. माझं इंग्रजी गाडीच्या पाट्या वाचण्यापुरतं, त्यांचं अंगणवाडीतल्या पोरांच्या गाण्यांपुरतं. त्या म्हणाल्या, "आवाज बंद करा की. नुसते हात बघू." (विषय नाही, घडलं ते सांगतो.)

हात बघून कळलं ते असं. कोळसा ढीग करून पेटवायचा नाही. हंड्याच्या कडेकडेनं, आतल्या भिंतीला टेकवून, रांग लावायची. खाली दोन-दोन, वर पुन्हा तशीच रांग, एकाचा खांदा दुसऱ्याला लागलेला. पुरा वेढा घालायचा नाही, चंद्रकोरीसारखी एक बाजू मोकळी सोडायची. मध्ये पाण्याचं ताट, त्याच्या वर जाळीवर मटण. मग रांगेच्या एकाच टोकाला थोडे पेटलेले निखारे ठेवायचे आणि झाकण लावायचं. एक कोळसा पुढच्याला पेटवतो, तो त्याच्या पुढच्याला. विस्तव हळूहळू कडेनं चालत जातो आणि मटण मधे निवांत बसलेलं असतं. सकाळी लावलं तर दुपार कलेपर्यंत रांग चालते. विस्तव मटणाखाली कधी येतच नाही.

मी आयुष्यभर बेळगाव-निपाणी गाडी चालवली, पण इतक्या सावकाश चालणारं काही बघितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बोकडाचा मागचा फरा, अख्खी तंगडी, आणून बघणार आहे.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. सांगणार नाहीस, ठाऊक आहे.

तुझा
आप्पा


कंग्राळी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. नीलम,

फरा आणला आणि फसलो.

खाटकाकडून चांगला कोवळा आणला होता. आदल्या दिवशी दही, आलं-लसूण, संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ वाटून लावून ठेवला. कोळसा मात्र लोणारी, इस्त्रीवाल्याकडं असतो तसला. एक तुकडा मुठीएवढा, एक सुपारीएवढा. रांग लावली खरी, पण मधे मधे फट. विस्तव निम्म्यापर्यंत आला आणि एका मोठ्या तुकड्यापाशी थांबला. पुढचा कोळसा दूर, विस्तवाचा हात पोचेना. काटा खाली, फरा कोमट. शेवटी कुकरात घालून शिजवला. भावकू दोनदा रस्सा मागून गेला, आणि दोन्ही वेळा त्यानं शेगडीचं नाव मुद्दाम काढलं.

दुसरी चूक माझीच. मी सारखं झाकण उघडून बघत होतो. झाकण उघडलं की उष्णता जाते, हे मला कळत होतं, पण हात राहीना. जयाबाईंनी खुर्ची ओढून शेगडीपाशी ठेवली, पावट्याच्या शेंगांचं सूप मांडीवर घेतलं आणि सोलत बसल्या. मी जवळ गेलो की नुसतं बघायच्या. त्यांनी अंगणवाडी कशी चालवली असेल ते मला कळलं.

आता मुख्य गोष्ट. परवा मालुबाईंचा फोन आला. तुझ्या सासूबाईंचा. मी उभाच राहिलो. दिवाळीत तू मला म्हणाली होतीस, "ह्या वयात बाप लग्न करतोय म्हणून माझ्या सासूला कोणत्या तोंडानं सांगू?" म्हणून मला वाटलं, आता त्या मला सुनावणार.

त्या म्हणाल्या, "गोपाळराव, ते मधलं पाण्याचं ताट कशाला?"

मी म्हटलं, "कसलं ताट?"

"पत्रात लिवलासा न्हवं. नीलम पत्र टेबलावर ठेवून शाळेत शिकवायला गेली. आदर्शनं मला वाचून दाखवलं. ताट कशाला ते काय त्यानं सांगितलं न्हाय."

मी सांगितलं, चरबी गळून विस्तव भडकू नये म्हणून आणि मटण कोरडं पडू नये म्हणून. त्यांना पटलं. मग विचारलं, "त्या बाई कुठं भेटल्या?" मीही सांगितलं. मोतीबिंदूच्या शिबिरात. दोघांच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी, दोघंही दवाखान्याच्या बाकावर. माझा चहा म्हणून मी त्यांचा चहा उचलून प्यालो, आणि त्यांनी भांडण न काढता माझा उचलून प्याला. त्यांना मूलबाळ नाही, नवरा जाऊन लई वर्षं झाली, भावाकडं राहतात. मालुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फरा जमला की कळवा. मी दातांनी चावू शकत न्हाय, पण बोटानं सुटत असंल तर खाईन."

म्हणजे सासूबाईंची भीती होती ती गेली असं समजायचं का? हे विचारणं विषयात येतं, त्यामुळे विचारत नाही.

आदर्शरावांनी करवंटीच्या कोळशाचे ठोकळे मागवून पाठवलेत. सगळे एका मापाचे, उशीसारखे. आता फट पडायची नाही.

तुझा
आप्पा


कंग्राळी,
१७ फेब्रुवारी २०२५

नीलम,

काल तू येऊन गेलीस. तू निघालीस तेव्हा माझ्या तोंडातून काही नीट निघालं नाही. म्हणून आज सकाळपासून कागद घेऊन बसलोय.

मी गाडीवरून पेरूचं लाकूड आणायला गेलतो. धुराला पेरूचं लाकूड चांगलं. आलो तर फाटकात तुझ्या चपला. एका खुर्चीवर तू, एका खुर्चीवर जयाबाई, मधे शेगडी. मला वाटलं भांडण झालंय. तसं काही दिसेना. जयाबाई रडवेल्या दिसत होत्या आणि तू माझ्याकडं असं बघितलंस की मी लाकूड हातातच धरून उभा राहिलो.

तू म्हणालीस, "आप्पा, तुम्ही मला रोज फोनवर काय सांगत होतासा?"

मी म्हटलं, "काय सांगत होतो?"

"जेवलो. भाकरी केलती. आमटी केलती. बरा हाय. आई गेल्यापासून रोज हेच. आणि ह्या म्हणतात, तुम्ही पाव दुधात बुडवून खाऊन झोपत होतासा. टीव्ही चालू ठेवून, घरात आवाज पायजे म्हणून."

जयाबाई म्हणाल्या, "मला वाटलं पोरीला ठाऊक असंल. मी सहज बोलून गेले."

"मला ठाऊक न्हवतं," तू म्हणालीस. "मी किती येळा म्हटलं, निपाणीला या, आमच्यात राहा. तुम्ही म्हणालासा, मला एकट्यालाच बरं वाटतं. मी खरं धरलं. आणि खरं काय ते तुम्ही ह्यांना सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर. मग मी कोण?"

नीलम, दिवाळीपासून मी समजत होतो की तुझा राग लग्नावर आहे. आईची जागा, सासर, शाळेतली माणसं काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी मी उत्तरं तयार करून ठेवली होती. हे विचारशील असं स्वप्नात नव्हतं.

मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू रडत आली असतीस."

"मग मी यायला नको होतं?"

तू रडायला लागलीस, मी लाकूड खाली ठेवलं, आणि जयाबाई आम्हाला एकटं सोडावं म्हणून उठल्या. तेव्हा तू डोळे पुसत म्हणालीस, "तुम्ही उठू नका. काटा वर चाललाय."

खरंच चालला होता. त्यांनी वाकून खालचा झरोका निम्मा बंद केला. तू बघत होतीस. मग शेगडीकडंच तोंड करून विचारलंस, "धुराचं लाकूड आत्ता घालून काय उपयोग? ते रांगेच्या सुरुवातीला ठेवतात न्हवं?"

ते मी पत्रात लिहिलंच नव्हतं. म्हणजे तू नुसती पत्रं वाचली नाहीस, पुढचं स्वतः शोधून बघितलंस. मला तेव्हा किती बरं वाटलं ते तुला सांगता येत नाही. मी म्हटलं, "व्हय, चुकलंच माझं. आधी आणायला पायजे होतं."

मग तू आत गेलीस, आईच्या फोटोपुढं थोडा वेळ उभी राहिलीस, आणि उद्या शाळा आहे म्हणून निघालीस. मटण शिजायला अजून वेळ होता. मी थांब म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

पण ऐक, जमलं. या वेळी जमलं. रांग शेवटापर्यंत चालली, हाड धरून ओढलं तर नुसतं हाड हातात आलं. भावकूनं खाल्लं आणि एक शब्द बोलला नाही. त्यानं न बोलणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. निपाणीच्या शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला, त्याच्याकडं डबा दिला. आदर्शरावांनी स्टँडवर उतरवून घेतला असेल. वरचा कप्पा मालुबाईंचा, मऊ भाग तिथं आहे. खालचा तुझा.

आप्पा


कंग्राळी,
१ मार्च २०२५

चि. नीलम,

डबा मिळाला. घासून पुसून, आत शेंगदाण्याचे लाडू. मालुबाईंना धन्यवाद द्यायला फोन केला तर म्हणाल्या, "मी न्हाय केले. मला विचारू नका."

नऊ तारखेला रविवारी सकाळी गावच्या देवळात माळा घालणार. मंडप नाही, वाजंत्री नाही. जयाबाईंचा भाऊ आणि वहिनी, शेजारचे दोन-चार. सौरवला सुट्टी नाही, तो व्हिडिओवर बघणार. दुपारी जेवण घरीच, दोन फरे.

ये असं म्हणत नाही. ये असंच म्हणतोय.

आप्पा


कंग्राळी,
१३ मार्च २०२५

चि. नीलम,

आता फोन लागतो, तरी पत्र लिहितोय. मालुबाईंनी बजावलंय की नऊ तारखेचं सगळं नीट लिहून पाठवा, त्या अर्धा वेळ खुर्चीवर होत्या, देवळातलं त्यांना दिसलं नाही. तेव्हा हे तूच त्यांना वाचून दाखव.

तुम्ही तिघं आलात तेव्हा मी धोतराशी झगडत होतो. तू आल्या आल्या पदर खोचून शेगडीपाशी गेलीस. ठोकळ्यांची रांग तूच लावलीस. मी लावलेली तुला पसंत पडली नाही, टोकाकडं वाकडी झाली होती म्हणालीस, आणि सगळी काढून पुन्हा लावलीस. लाकूडही तूच ठेवलंस, सुरुवातीला. मग आम्ही देवळाकडं निघालो तेव्हा म्हणालीस, "मी येत न्हाय. शेगडीपाशी कुणीतरी पायजे की."

मी हो म्हटलं. जयाबाईंनीही हो म्हटलं. वाटेत म्हटलं, निदान घरापर्यंत तरी आलीस. तेवढंही पुष्कळ होतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

देवळात गुरव फुलं शोधत होता, त्यात वेळ गेला. मग त्यानं माळ हातात दिली. मी माळ उचलली आणि समोर दारात बघितलं तर तू. हात मनगटापर्यंत काळे, कपाळावर काळा पट्टा, धापा टाकतेस. मला हे मालुबाईंना लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्या क्षणी लेक आली म्हणून बाप काय बोलला? मी म्हटलं, "अगं, शेगडीजवळ कोण हाय?"

तू म्हणालीस, "सासूबाई बसल्यात."

सगळं देऊळ हसलं. गुरवही हसला. मोबाईलमधून सौरव "काय झालं, काय झालं" विचारत होता, आदर्शरावांना हसू आवरेना म्हणून फोन हलत होता, सौरवला नुसतं छत दिसलं. त्या हसण्यातच माळा घालून झाल्या. जयाबाईंनी तुझा हात धरला तेव्हा तू "काळा हाय, काळा हाय" म्हणत होतीस. त्यांनी सोडला नाही. पिवळ्या साडीवर चार बोटं उमटलीत. परवा धुतली, निघाली नाहीत.

मालुबाई, आम्ही परत आलो तेव्हा तुम्ही काठी मांडीवर आडवी धरून बसला होता, ते मी जन्मात विसरणार नाही. भावकू कुंपणापलीकडं उभा. तुम्ही म्हणालात, "ह्यो तीनदा आला. एकदा बी झाकणाला हात लावू दिला न्हाय." भावकू म्हणाला, "मी नुसता वास घ्यायला आलतो."

जेवणाचं काय लिहू. भाकऱ्या जयाबाईंच्या वहिनीनं भाजल्या. मालुबाईंनी बोटानं मांस सोडवून खाल्लं आणि पुन्हा मागितलं. तू पहिला घास घेतलास, सगळे बघत होते, आणि म्हणालीस, "मीठ कमी पडलंय."

आई गेल्यापासून या घरात मला कुणी मीठ कमी पडलंय म्हटलं नव्हतं. मी आत जाऊन मीठ आणलं. यायला जरा वेळ लागला, ते बरणी सापडत नव्हती म्हणून नव्हे.

आता तुझ्या माघारी घडलेलं. तुम्ही निघताना तू जयाबाईंना बाजूला नेऊन काहीतरी बोललीस. मी विचारलं तर सांगेनात. काल सकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, कसे आहात. मी म्हटलं, बरा आहे. तू "बरं" म्हणून ठेवलास. मला वाटलं, पोरीनं माझा शब्द खरा धरला. पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात जयाबाईंचा फोन वाजला.

"व्हय गं," या म्हणत होत्या. "न्हाय, ताप न्हाय. खोकला हाय. लग्नाच्या दिवशी धूर खाल्ला न्हवं, तवापासनं. व्हय, सांगते. तू म्हणालतीस तसंच, मी काय लपवणार न्हाय."

मी दारात उभा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोलणं चालूच ठेवलं.

तर नीलम, असा माझ्यावर पहारा बसलाय. बापाचा शब्द एकीकडं आणि खात्री दुसरीकडं. मी यावर भांडणार होतो, पण भांडायला तोंड उघडलं की खोकला येतो. तेव्हा खरं लिहितो. खोकला आहे, गुडघा दुखतो, काढा कडू आहे आणि तो मी नियमित घेतोय. घरात टीव्ही बंद असतो.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मालुबाईंना घेऊन राहायलाच ये. ठोकळे संपत आलेत, आदर्शरावांना सांग.

तुझा
आप्पा

नीलम, पत्र वाचून मग पाकीट चिकटवा म्हणाले, म्हणून वाचलं. बाकी सगळं बरोबर आहे. काढा अर्धाच पितात, उरलेला तुळशीशेजारच्या कुंडीत ओततात. मी बघितलं. – जया